आवाजबंद केबिनसमोरची खुर्ची

माझ्या वहिनीच्या मामांनी मला एकटीला जेवढे धक्के दिले, तेवढे उभ्या सोलापुरातल्या उघड्या वायरींनी मिळूनही कुणाला दिले नसतील. मी मुळातच दचकणारी बाई. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं भांडं सुटतं. अशा बाईच्या शेजारच्या खुर्चीत हा माणूस आणून बसवण्यात आला आणि तो आणला खुद्द वहिनीनं. "मामांना घरात अजिबात करमत नाही हो, तुमच्या ऑफिसात एखादी खुर्ची असेल तर बघा ना," असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, आणि पोळ्या तीच लाटत असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. पुढं एक दिवस असा आला की ती खुर्ची मामांकडे राहू द्यायची की त्यांना जिन्याची वाट दाखवायची, हे ठरवायला सगळं ऑफिस गोळा झालं आणि शेवटी ते माझ्या एका हातावर येऊन ठेपलं. त्या दिवसाचा धक्का माझ्या अंगातून अजून पूर्ण उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऑफिस म्हणजे माझ्या मालकीचं नव्हे. जुळे सोलापुरात एका औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक मोठा हॉल आहे. तिथं वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं महिन्याचं भाडं भरून एकत्र बसतात. कुणाची कंपनी पुण्यात, कुणाची बंगळुरात, तर कुणाची अजून डोक्यातच. वीज गेली तरी इन्व्हर्टर, उन्हाळ्यात एसी, फुकट वायफाय आणि पैसे भरून चहा, असा सगळा बेत. हे चालवणाऱ्या बाईंना आम्ही मॅडम म्हणतो. मॅडमचा जीव कशात असेल तर तो हॉलच्या मधोमध असलेल्या काचेच्या केबिनमध्ये. "आवाजबंद आहे. आत फटाके फोडले तरी बाहेर कळायचं नाही," असं त्या प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगतात. त्यामुळे घरची भांडणं, डॉक्टरांचे फोन, नव्या नोकरीच्या मुलाखती, जे जे चारचौघांत बोलता येत नाही ते ते बोलायला आम्ही सगळे त्या केबिनमध्ये जायचो. काचेतून माणूस दिसायचा, पण शब्द काही ऐकू यायचा नाही. या केबिनच्या बरोब्बर समोरची खुर्ची रिकामी होती, आणि तीच मामांना मिळाली.

मामांचा भवानी पेठेत टॉवेलचा कारखाना होता. सगळा जन्म त्यांनी यंत्रमागांच्या खडखडाटात काढला. गुडघे थकले आणि मागही थकले, तेव्हा त्यांनी कारखाना बंद केला. आता तिथं कुणाचं तरी गोदाम आहे. घरी मामी आहेत, पण मामी इतक्या कमी बोलतात की पाहुण्यांना त्यांचा आवाज एकदम ऐकू आला तर दचकायला होतं. एवढ्या गडगडाटातून उठून एवढ्या शांततेत येऊन पडल्यावर माणसाचं काय होईल? मामा दिवसभर पंख्याचा आवाज ऐकत बसायचे आणि तोही मुद्दाम पाचवर ठेवायचे. आमच्या ऑफिसात येताना त्यांनी "टॉवेल ऑनलाइन विकणार" असं कारण सांगितलं खरं, पण पहिल्याच दिवशी ते जे टॉवेल घेऊन आले ते त्यांनी आमच्या सगळ्यांच्या खुर्च्यांच्या पाठीवर घालून टाकले. साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल असतोच, असं त्यांचं ठाम मत होतं. "आणि हितं सगळेच सायेब दिसू लालेत," असं म्हणून त्यांनी मॅडमच्या खुर्चीवर दोन घातले. मॅडम इतक्या थक्क झाल्या की आभार मानायचे की टॉवेल काढायचे, हे त्यांना संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

नव्या यंत्रांबद्दल मामांना जे प्रेम होतं ते मी कुठल्याही इंजिनिअरमध्ये पाहिलेलं नाही. आमच्या ऑफिसात जेवढ्या म्हणून सोयी होत्या, त्या सगळ्या वापरणारे ते एकटेच. मात्र ज्याच्यासाठी त्या केल्या होत्या, त्यासाठी त्यांनी कुठलीच वापरली नाही. टेंभुर्णीचा एक इंजिनिअर आमच्याकडे बसतो, त्याला मामा नावानं कधी हाक मारत नाहीत, गावाच्या नावानंच मारतात. त्यानं एकदा मोठ्या कौतुकानं आपले आवाज गाळणारे हेडफोन मामांच्या कानांवर चढवले. बटण दाबताक्षणी एसीची घरघर, बाहेरच्या रिक्षा, आमचं टकटक टाइप करणं, सगळं नाहीसं झालं. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ताडकन उठले आणि "बंद पडलं! समदं बंद पडलं!" असं ओरडत मीटरच्या खोलीकडे धावत सुटले. जन्मभर ज्या माणसाला एकाएकी शांतता म्हणजे वीज गेली किंवा माग बिघडला एवढंच ठाऊक, त्यानं दुसरं काय करायचं? आम्ही चौघांनी मिळून त्यांना परत आणलं. पण दुसऱ्या दिवशी स्वारी स्वतःचे हेडफोन घेऊन हजर झाली आणि त्यानंतर ते कानांवरून कधी उतरलेच नाहीत. हेडफोन घातलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम. मामा हेडफोन घालून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायचे.

ऑफिसचं एक सामायिक कॅलेंडर आहे, मोबाइलवर दिसतं, केबिन कुणाला कधी हवी ते त्यात नोंदवायचं असतं. एके दिवशी मला दुपारी केबिन हवी होती, तर तिथं मामांच्या नावानं "अत्यंत महत्त्वाची बैठक" असं लिहिलेलं. मी काचेतून पाहिलं तर मामा खुर्चीत मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेले. आवाजबंद केबिनचा याहून चांगला उपयोग कुणी करून दाखवला नसेल, कारण त्यांचं घोरणं मी एका लग्नात ऐकलं आहे. त्याच कॅलेंडरात ते आणखीही काय काय घालायचे. "मंगळवार. शेंगा चटणी येणार. डबे धुऊन ठेवा." बंगळुरातल्या माझ्या साहेबांना चुकून तेही निमंत्रण गेलं आणि त्यांनी ते स्वीकारलंही.

प्रिंटरचा धक्का तर विसरण्यासारखा नाही. वायफायवरचा सामायिक प्रिंटर मामांच्या खुर्चीशेजारीच ठेवला आहे. एका सकाळी हॉलमध्ये आम्ही दोघी-तिघीच होतो, मामांचा पत्ता नव्हता, आणि तो प्रिंटर कुणी हात न लावता आपण होऊन घरघरायला लागला. मी किंचाळलेच. आतून एक कागद हळूहळू बाहेर आला. त्यावर मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "निघालो. चहा टाका." भवानी पेठेतल्या आपल्या ओसरीवर बसून मामांनी मोबाइलवरून तो छापला होता. इंटरनेटवरून घरबसल्या इथं छापता येतं, हे टेंभुर्णीनं त्यांना शिकवलं होतं. फोन का नाही केला, असं विचारलं तर म्हणाले, "फोन काय, कुणी बी करतंय की."

बोलून टाइप करायची सोय त्यांनी शोधून काढली, तेव्हा तर मॅडमना ऑफिस बंद करावंसं वाटलं. मामांचा आवाज मागांच्या वरताण चढलेला, त्यांना हळू बोलणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मामींना साधा निरोप सांगताना ते असे गरजायचे, "संध्याकाळी मेथीची भाजी कर पूर्णविराम लसूण जरा जास्त घाल पूर्णविराम." माझी त्या वेळी बैठक चालू होती. ती संपल्यावर साहेबांनी मला फार आदरानं विचारलं, हे तुमच्याकडचे पूर्णविराम कोण आहेत, फार मोठे अधिकारी दिसतात. मी काय सांगणार? हो म्हणाले.

आवाज एवढा मोठा, आणि तरी गंमत अशी की लांबच्या माणसाशी मामा आवाजानं बोलायचेच नाहीत, हातानं बोलायचे. हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला त्यांच्या खुणा चालायच्या. मूठ ओठांशी नेली की चहा. गाल फुगवून कपाळाकडे बोट नेलं की मॅडम येताहेत. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर चोळलं, की त्याचा अर्थ "धागा तुटलाय, तू माग थांबव, मी जोडायला येतोय." ही शेवटची खूण ते कुणाचा संगणक अडकला, कुणाचं इंटरनेट गेलं, कुणाचा घास घशाशी अडकला, तरी करायचे आणि उठून यायचे. आल्यावर त्यांना काही जमायचं असं नाही, पण ते येऊन उभे राहायचे. "कारखान्यात आवाजापायी काय ऐकू येत न्हाय, मग हात न्हाय तर काय करावं माणसानं?" असं ते म्हणायचे. मी हसायचे. एवढं सांगूनसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला त्या दुपारी. टेंभुर्णी केबिनमध्ये गेला, आईला फोन लावला, हातवारे करकरून बोलला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मामांनी त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला, कानांवरचे हेडफोन न काढताच त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि आपल्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी आपल्यातली न्हाय म्हणून काय झालं? पण टेंभुर्णी, तू बापाला आधी सांगू नको बे. आधी आज्जीला सांग. आज्जी तयार झाली की घर तयार होतंय."

टेंभुर्णीनं कप खाली ठेवला. ती मुलगी, तिचं आपल्यातलं नसणं, हे त्यानं जगात एका आईलाच सांगितलं होतं, तेही आत्ताच, तेही आवाजबंद केबिनमध्ये. त्यानं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी केबिनकडे पाहिलं, आणि मी टेबलाला धरून बसले. मामांनी केबिनमध्ये काहीतरी यंत्र बसवलंय, हेच सगळ्यांच्या मनात आलं. दुसरं येणार तरी काय? त्यांना यंत्रांचं वेडच होतं. मग जी शोधाशोध सुरू झाली! टेबल उलटं केलं, कुंडीतली माती उकरली, धुराची सूचना देणारं छतावरचं ते गोल खोकं उघडून पाहिलं, माझा चार्जरसुद्धा संशयानं काढून घेतला. आणि या सगळ्यात सर्वांत उत्साहानं कोण शोधत होतं? मामा! मोबाइलची बॅटरी लावून ते टेबलाखाली शिरले होते. "काय शोधू लालाव आपण?" असं त्यांनी बऱ्याच वेळानं आतूनच विचारलं.

"तुम्ही ऐकायला काय बसवलंय ते," मॅडम म्हणाल्या.

मामा टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झाडले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "मॅडम, मी कुठं ऐकलो? मी तर बघितलो की. काच हाय, समोर माणूस बोलायलाय, ओठ हालतेत. कारखान्यात आमी असंच बोलायचो. ह्या मागावरनं त्या मागावर, तेलगू, कानडी, मराठी, समदं ओठावरच. आवाज आला काय, न्हाय आला काय."

कुणाचाच विश्वास बसेना. मग मॅडमनी मला आत पाठवलं, दार लावलं आणि काहीतरी बोल म्हणाल्या. माझ्या मनात जे होतं तेच मी पुटपुटले. बाहेर मामांनी ते हॉलभर मोठ्यानं वाचून दाखवलं, "वैनीच्या पोळ्यांपायी मी हे काय ऑफिसात आणून बसवलं, देवा." दार उघडून मी बाहेर आले. मग एकेकाचा हात सावकाश उठला आणि तोंडावर गेला. कुणी खुर्चीवरचा टॉवेल ओढून तोंडापुढं धरला. मॅडमनी दोन धरले.

सगळ्यांच्या डोळ्यांपुढं केबिनमधले आपापले फोन येत होते. सोलापुरात, जिथं घरटी कुणी ना कुणी मागावर काम केलेलं असतं, तिथं काचेची केबिन उभारून आम्ही सगळे तिच्यावर विसंबून राहिलो होतो. मॅडमनी चाचरत विचारलं, "सगळंच कळतं तुम्हाला?" मामा ओशाळले. "इंग्रजी कळत न्हाय. इंग्रजीत ओठ लई कमी हालतेत." हे ऐकून क्षणभर सगळ्यांना हायसं वाटलं, पण मग लक्षात आलं की आम्ही कामाचं तेवढं इंग्रजीत बोलतो. भांडतो, रडतो, माफी मागतो ते मराठीतच. म्हणजे लपवण्यासारखं होतं तेवढंच नेमकं मामांपर्यंत पोचलं होतं. "मग तुम्ही कधी बोलला कसे नाहीत?" टेंभुर्णी ओरडला. मामा म्हणाले, "कारखान्यात बघितलेलं कारखान्यातच ठेवायचं असतंय. आज तू चुकीच्या माणसाला सांगायला निघालास म्हणून तोंड उघडलो. आता डोळे उघडे असले की दिसतंय, बाबा. डोळे झाकून बसू का मी?"

त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर मला एकदम आठवलं आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. आधीच्या हिवाळ्यात, आत्ताची मिळण्याआधी, माझी नोकरी गेली होती. तेव्हाच्या साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे मामांना कळलं नसणार. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी केबिनमध्ये जाऊन, बंद मोबाइल कानाला लावून, आईला हे कसं सांगायचं याची तालीम करत होते. "आई, एक सांगायचंय. घाबरू नकोस. माझी नोकरी गेली." पुन्हा पहिल्यापासून. "आई, एक सांगायचंय." समोरच्या फोनवर कुणीही नाही, आणि समोरच्या खुर्चीत मामा. त्याच दिवसांत एका रविवारी मामा शेंगा चटणी घेऊन आमच्या घरी आले आणि आख्खी दुपार आईशी बोलत बसले. कारखाना बंद केला तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. माग कसे उचलून नेले, मग काय वाटलं, मग कसं निभावलं. "काम बंद पडलं म्हणून माणूस बंद पडत न्हाय, आक्का," असं आतल्या खोलीतून मी ऐकलं होतं आणि हा माणूस आता उठतो कधी, असं मला झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं, तर आई एवढंच म्हणाली, "बरं. आधी जेवून घे." माझी आई किती धीराची, म्हणून मी तेव्हा चारजणींना अभिमानानं सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून मी रडले. राग आला होता की दुसरं काही, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती सभा झाली. मामांनी राहावं की जावं? खाजगीपणा म्हणून काही आहे की नाही, असं बहुतेकांचं म्हणणं होतं, आणि ते चूक होतं असंही नाही. मामांच्या देखत बोलायला सगळ्यांनाच अवघड होत होतं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मामा, आम्हाला थोडं खाजगी बोलायचंय. तुम्ही जरा केबिनमध्ये बसता का?" मामा लगेच उठले, आत गेले, मॅडमनी दार लावून घेतलं, आणि मग सगळे मोकळेपणानं बोलायला लागले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. कुणी म्हणालं, आज ओठ वाचतो, उद्या आणखी काय. एकानं तर "चोर" हा शब्द वापरला. तो शब्द ऐकल्यावर माझं लक्ष काचेकडे गेलं. खाजगी बोलायचं म्हणून आम्ही सवयीनं त्यांना काचेआड बसवलं होतं! आम्ही सगळे त्यांच्या समोर होतो, एकेकाचे ओठ लख्ख उजेडात.

मामा आमच्याकडे तोंड करून ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. आणि खुर्चीवरचा टॉवेल काढून त्यांनी तो डोक्यावरून हनुवटीपर्यंत पांघरून घेतला होता.

आपल्याला इथून काढणार की ठेवणार, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या शब्दन् शब्द कळलं असतं. ती खुर्ची गेली की पुन्हा घरात पंखा पाचवर ठेवून बसायचं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते डोळे झाकून बसले होते, कारण आम्ही खाजगी बोलतोय असं त्यांना सांगितलं होतं. माझ्या मागोमाग टेंभुर्णीनं पाहिलं, मग मॅडमनी. एकेक करत सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मॅडमनी कसंबसं हात वर करायला सांगितलं. जावं म्हणणारे आणि राहावं म्हणणारे सारखेच भरले, कारण माझा हात अजून मांडीवरच होता. मला रडू आवरत नव्हतं. "तुमचं काय ते सांगा," मॅडम म्हणाल्या. मी हात वर केला. "राहू दे त्यांना. माझी नोकरी गेली ते तुम्हा कुणाला कळलं होतं का? मग?" एवढंच मला बोलता आलं.

मामा राहिले. मात्र काचेला दुधी कागद लावायचा, असं मॅडमनी ठरवलं, आणि ते रास्तच होतं. कागद आणला मामांनी आणि आतून लावलाही त्यांनीच, एकही बुडबुडा न ठेवता. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. "उगी नजर जाती," म्हणाले. त्यानंतर त्यांचे हेडफोन, कॅलेंडर, "निघालो. चहा टाका", सगळं चालू राहिलं, पण हातांच्या खुणा बंद झाल्या. कुणाचा संगणक अडकला तरी ते वळून पाहायचे नाहीत. मला त्यांच्या पाठीकडे पाहून काम करायची सवय होईना. केबिनमधून रडून बाहेर आलं तर डोळे पुसून सरळ जागेवर बसायचं, बस. आमची केबिन आता खरोखरच सुरक्षित झाली होती.

मग एकदा केबिनमध्ये मला दिसलं, की बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर तो दुधी कागद कुणीतरी आतून खरवडला आहे. तळहाताएवढा तुकडा, पलीकडे मामांची खुर्ची. पुढच्या आठवड्यात तो थोडा मोठा झाला होता. मॅडमनी सगळ्यांना विचारलं, कुणीच कबूल होईना. टेंभुर्णीच्या नखात मला काहीतरी पांढरं चिकट दिसलं, पण त्याची आज्जी तयार झाली होती, त्यामुळे मी काही बोलले नाही.

परवा भावाचा फोन आला. मी केबिनमध्ये गेले. आईच्या तपासण्यांचा निकाल आला होता, हृदयाचं ऑपरेशन करावं लागणार होतं, लवकर. भाऊ धीरानं बोलत होता. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि मला उठताच येईना. खरवडलेल्या काचेतून मामांची पाठ दिसत होती, कानांवर हेडफोन. हाक मारून उपयोग नव्हता. मी मोबाइल काढला आणि त्यांच्या शेजारच्या प्रिंटरला एक ओळ पाठवली. तो घरघरला. मामांनी सवयीनं कागद उचलला, चष्मा वर करून वाचला. "मामा, मागं वळा."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग खुर्ची सावकाश फिरली. मी त्या तुकड्याशी तोंड नेलं आणि आवाज न करता सांगितलं. आईचं ऑपरेशन आहे, मामा. मला लई भीती वाटायलीय.

मामांनी हात वर केला, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.